काटा खोटं का बोलला?

जपानमध्ये भूकंप झाला की बातमीच्या शेपटाला एक वाक्य हमखास असतं: 'अणुप्रकल्पांमध्ये काहीही वावगं आढळलेलं नाही.' बरीच वर्षं मी ते वाचून पुढे जात असे. मग फुकुशिमा दाइची या अणुप्रकल्पातल्या अपघाताच्या तपशिलांचा नाद लागला आणि आता त्या वाक्यावर दर वेळी अडखळतो. आढळलं नाही, पण कशावरून? अणुभट्टीत कोणी डोकावून पाहिलेलं नसतं. कुठलासा काटा जागेवर असतो, एवढंच.

११ मार्च २०११, दुपारी २:४६. भूकंपाची तीव्रता ९.०. चालू असलेल्या १, २ आणि ३ क्रमांकाच्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या. पण भट्टी 'बंद' म्हणजे थंड नव्हे. युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची, साखळी थांबते. त्या विखंडनातून आधीच तयार झालेली मूलद्रव्यं मात्र किरणोत्सर्ग करत राहतात आणि तापत राहतात. एक नंबरच्या भट्टीची औष्णिक क्षमता १,३८० मेगावॉट. काही तासांनंतरही त्यातला साधारण एक टक्का उरतो, म्हणजे १४ मेगावॉटच्या आसपास. कागदावर आकडेमोड करून पाहिली, तर एवढी उष्णता तासाला वीसेक टन उकळत्या पाण्याची वाफ करते. पन्नासेक मिनिटांनी त्सुनामी आली. जनरेटर बुडाले, एक नंबरच्या बॅटऱ्याही बुडाल्या आणि नियंत्रण कक्षातले मीटर विझले.

तिथल्या माणसांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटरच्या तारांना जोडल्या. रात्री ९:१९ ला पाण्याची पातळी दिसली: इंधनाच्या माथ्यापेक्षा २० सेंटीमीटर वर. दहाच्या सुमारास ५५ सेंटीमीटर. पाणी आहे, उलट वाढतंय! नंतरच्या विश्लेषणांतून कळलं, की इंधन संध्याकाळीच उघडं पडायला लागलं होतं.

मीटर मोडला होता का? नाही. इथेच मला या गोष्टीची गोडी लागली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सत्तर वातावरणांच्या दाबाखाली उकळणाऱ्या भट्टीच्या पात्रात पट्टी बुडवून पाणी मोजता येत नाही. म्हणून दोन नळ्या घेतात. एक पात्राच्या खालच्या भागातून येते. तिच्यातला दाब आतल्या पाण्याच्या उंचीप्रमाणे बदलतो. दुसरी वरच्या वाफेच्या भागातून निघते. तिच्या तोंडाशी एक छोटी कुपी असते, तिथे वाफ थंड होऊन सतत पाणी बनतं, त्यामुळे ही नळी कायम काठोकाठ भरलेली राहते. ही संदर्भनळी. वाफेचा दाब दोन्हीकडे सारखाच, तो वजाबाकीत उडून जातो. उरतो फक्त दोन जलस्तंभांच्या उंचीतला फरक. फरक मोठा, तर पात्रात पाणी कमी. फरक लहान, तर पाणी भरपूर. म्हणजे हा मीटर पाणी मोजतच नाही. पाणी भरलेल्या नळीपेक्षा किती कमी आहे, ते मोजतो.

आता ती भरलेली नळीच रिकामी व्हायला लागली तर? नळी पात्राभोवतीच्या काँक्रीट-पोलादी आवरणात असते. ते आवरण तापलं. सत्तर वातावरणांखाली पाणी २८५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. पात्रातला दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो आणि नळीतलं गरम पाणी जागच्या जागी वाफ होऊन निघून जातं. शिवाय गरम पाण्याची घनता कमी, ती चूक वेगळीच. संदर्भस्तंभ बुटका झाला, फरक घटला आणि मीटरने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला: पाणी चढलं. २० चे ५५ झाले, ते बहुधा असे.

त्याच रात्री ९:५१ ला किरणोत्सर्ग वाढल्यामुळे भट्टीच्या इमारतीत शिरायला बंदी घातली गेली. एक मीटर म्हणतो इंधन पाण्याखाली आहे, दुसरा म्हणतो जवळ जाऊ नका. दोन्ही एकाच वेळी खरे असणं कठीण होतं. मे महिन्यात कामगार आत जाऊन तो पातळीमापक तपासू शकले, तेव्हा पाणी इंधनाच्या माथ्यापासून पाच मीटरहून खाली असल्याचं निघालं. इंधनाची लांबी जेमतेम पावणेचार मीटर. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ मध्येही पातळीच्याच आकड्याने चालकांना चकवलं होतं, पण तिथलं कारण निराळं.

याच दिवसांत फिलिपिन्समध्ये मोबाइलवर संदेश फिरत होता, की किरणोत्सर्गी पाऊस येतोय, मानेला बेटाडिन चोपडा. चीनमध्ये लोकांनी मिठाची पोती घरात भरली. मीटर निदान पदार्थविज्ञानाचे नियम पाळून चुकला होता.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मला झेनॉनचं उदाहरण आवडतं. नोव्हेंबर २०११ मध्ये दोन नंबरच्या आवरणातल्या वायूत झेनॉन-१३५ चा, म्हणजे विखंडनातून बनणाऱ्या एका किरणोत्सर्गी वायूचा, माग लागला. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू सरायला लागणारा वेळ) नऊ तासांचं, म्हणजे मार्चमधला उरणं शक्यच नाही. तो नुकताच बनलेला. साखळी पुन्हा पेटली की काय, म्हणून बोरिक आम्लाचं पाणी सोडलं. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो, साखळी असती तर झेनॉन घटला असता. घटला नाही. वितळलेल्या इंधनातलं क्युरियम हे जड मूलद्रव्य साखळीशिवायही आपोआप फुटतं, त्याचा तो झेनॉन होता. पुढे या वायूवर सतत पाळत ठेवली गेली. नळी नाही, संदर्भ नाही. अणूच स्वतःचं वय सांगतो.

१३ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री तिथे पुन्हा ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. 'वावगं काही नाही' हे सुरुवातीला याही वेळी सांगितलं गेलं. काही दिवसांनी कळलं, की एक आणि तीन नंबरच्या आवरणांतलं पाणी उतरतंय. दहा वर्षांपूर्वीच्या भेगा रुंदावल्या असाव्यात. मोडकी इमारत हादऱ्यात कशी हलते ते पाहायला तीन नंबरवर २०२० मध्ये दोन भूकंपमापक मुद्दाम बसवले होते. दोन्ही त्याच वर्षी बिघडले होते आणि तसेच पडून होते. त्या रात्रीची नोंद झालीच नाही.