सुवाह्य उपग्रह तबकडी

सुवाह्य उपग्रह तबकडी : तंबू, कॅराव्हॅन किंवा उघड्या रानातील तळावर तात्पुरती उभारून भूस्थिर उपग्रहावरील दूरचित्रवाणी घेण्यासाठी वापरतात ती, सोबत नेता येणारी तबकडी. बोलण्यात तिला डिश किंवा छत्री म्हणतात. व्यास सामान्यतः ४५ ते ८० सेंमी. असतो. गच्चीवरची तबकडी एकदा बसवली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही. तळावरची तबकडी मात्र दर मुक्कामी नव्याने रोखावी लागते, म्हणून या नोंदीत उपकरणापेक्षा रोखण्याच्या क्रियेचा विचार अधिक केला आहे.

पूर्वपीठिका : विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरतो आणि जमिनीवरून एका जागी स्थिर दिसतो, म्हणून त्याला भूस्थिर म्हणतात. या कक्षेला पुष्कळदा विज्ञानलेखक आर्थर क्लार्क यांचे नाव देतात. परंतु अभियंते हेर्मान पोटोचनिक यांनी १९२८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा कक्षेचे वर्णन केले होते. क्लार्क यांच्या १९४५ च्या लेखाने तिचा जगभरच्या प्रक्षेपणासाठी उपयोग मांडला. कक्षेचे श्रेय पोटोचनिक यांना आणि तिच्या या वापराचे क्लार्क यांना, अशी विभागणी अधिक न्याय्य वाटते. १९६४ मधील सिंकॉम-३ हा पहिला भूस्थिर उपग्रह होय.

उपग्रहाचे चित्र खाजगी व्यक्तीने स्वतःच्या तबकडीवर प्रथम कधी घेतले, यावर एकमत नाही. या प्रश्नाचा एक धागा भारतात येतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून ८६० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले (महाराष्ट्र या सहांत नव्हता). खेड्यांतील तबकड्या सुमारे ३ मी. व्यासाच्या होत्या आणि खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीपासून बनवलेल्या होत्या. भारतीय खेड्यांसाठी चाललेले हेच प्रक्षेपण इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्टीफन बर्किल या अभियंत्याने १९७५ मध्ये घरी बनवलेल्या सामग्रीवर पकडले. अमेरिकी लेखनात मात्र हा मान स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांना देतात. त्यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील घरी सी-पट्ट्यातील (सुमारे ४ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरींवरील) व्यापारी वाहिनी घेतली. फरक कंप्रतेचा आणि प्रक्षेपणाच्या हेतूचा आहे. केवळ ‘घरी, स्वतःच्या तबकडीवर’ एवढीच कसोटी लावली तर बर्किल यांचा अग्रक्रम मान्य करणे योग्य ठरते. अमेरिकेत केवळ ग्रहण करणाऱ्या तबकडीसाठी परवान्याची सक्ती १९७९ मध्ये उठली.

या तबकड्या हलवण्याजोग्या नव्हत्या. सुवाह्यता आली ती केयू-पट्ट्यातील (सुमारे १२ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या) शक्तिशाली उपग्रहांमुळे. १९८९ पासून युरोपात ॲस्ट्रा उपग्रहासाठी सुमारे ६० सेंमी.ची तबकडी पुरू लागली, तर अमेरिकेत १९९४ मध्ये सुमारे ४६ सेंमी.ची तबकडी बाजारात आली. कॅराव्हॅन घेऊन हिंडणाऱ्यांमध्ये सुवाह्य तबकडी रुजली ती बहुधा यानंतरच्या दशकात.

रोखण्याची भूमिती : तीन कोन लागतात. खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला दिगंश, क्षितिजापासून वर मोजलेला उन्नतांश आणि एलएनबी (तबकडीने गोळा केलेल्या लहरी घेऊन त्यांचा संकेत केबलमध्ये पाठवणारा भाग) स्वतःभोवती फिरवण्याचा ध्रुवणकोन. डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण ज्या जीसॅट-१५ वरून होते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्याहून त्याचा दिगंश सुमारे १३२ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय, आणि उन्नतांश सुमारे ५९ अंश येतो. लंडनहून २८.२ अंश पूर्वेचा उपग्रह पाहायचा तर दिगंश सुमारे १४५ अंश, पण उन्नतांश जेमतेम २५ अंश. त्यामुळे १० मी. उंचीचे झाड पुण्यात ६ मी. अंतरावर असले तरी अडत नाही, तर लंडनकडे त्याच झाडापासून किमान २१ मी. दूर जावे लागते. उत्तर युरोपातील झाडीच्या तळांवर जागा निवडणे हेच निम्मे काम होऊन बसते, ते यामुळे.

ध्रुवणकोनाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ध्रुवण म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा. रेषीय ध्रुवण (एकाच सरळ रेषेतील कंपन) असलेल्या उपग्रहासाठी भूमितीने हा कोन पुण्यात सुमारे ४५ अंश, तर लंडनच्या उदाहरणात सुमारे २१ अंश निघतो. घरच्या कोनात घट्ट केलेला एलएनबी घेऊन कोणी हजार किलोमीटर गेले की बाकी सारे अचूक असूनही चित्र लागत नाही. अमेरिकेतील थेट प्रक्षेपणात वर्तुळाकार ध्रुवण वापरतात, तेथे एका उपग्रहापुरता हा प्रश्न उरत नाही.

नवख्याला फसवणारी आणखी एक गोष्ट तबकडीच्या आकारात आहे. आजच्या तबकड्या पूर्ण अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) नसून त्याच्या एका बाजूच्या तुकड्याच्या असतात. एलएनबी समोर मधोमध न येता खालच्या हातावर बसतो आणि झोत तबकडीच्या तोंडापेक्षा साधारण २० ते २५ अंश वर जातो. म्हणून लंडनमध्ये अचूक रोखलेली तबकडी जवळजवळ भिंतीसारखी सरळ उभी दिसते. ती जमिनीकडे पाहते आहे असे वाटून पुष्कळजण तिला मागे कलवतात आणि लागलेला उपग्रह घालवतात.

मांडणी : पहिले काम खांब ओळंब्यात आणण्याचे. खांब कललेला असेल तर तबकडी आडवी फिरवताना उन्नतांशही नकळत बदलतो आणि तबकडी खांबाला धरणाऱ्या पकडीवर कोरलेली मोजपट्टी खोटी ठरते. तळावरची जमीन कधी सपाट नसते. तिपाईच्या एका पायाखाली चपटा दगड सारावा, पातळीमापक खांबाला दोन बाजूंनी लावून पाहावा, मग मधोमध पाण्याचा भरलेला कॅन टांगावा. वाऱ्याने तिपाई सरकत नाही. होकायंत्र आणि मोबाइलवरील ॲप यांवर लोक जेवढा भरवसा टाकतात त्याचा चौथा हिस्सा तरी या ओळंब्याला द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून दूर धरावे. चुंबकीय दिक्पात (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतील कोन) महाराष्ट्रात नगण्य असला तरी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सुमारे १५ अंश पूर्व आहे, तेवढी दुरुस्ती न केल्यास शोध भलत्याच आकाशात चालतो.

केबल जोडताना सेट-टॉप बॉक्स बंद ठेवावा, कारण एलएनबीला केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट जातात. त्यातील दाब बदलून बॉक्स ध्रुवण निवडतो. केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार मधल्या तांब्याला टेकली तरी सारे ठप्प होते.

उन्नतांश मोजपट्टीवर लावून पकडीचे नट फक्त टेकवावेत, आवळू नयेत. नंतर तबकडी आडवी, अगदी सावकाश फिरवावी. ६० सेंमी.च्या तबकडीचा झोत सुमारे ३ अंश रुंद असतो, आणि तिची कड १ सेंमी. ढळली की रोख जवळजवळ दोन अंशांनी ढळतो. अंकीय बॉक्सला संकेत ओळखायला काही सेकंद लागतात. म्हणून बोटभर सरकवायचे, चार-पाच आकडे मोजायचे, पुन्हा बोटभर. एकाने बाहेर तबकडी धरायची आणि दुसऱ्याने तंबूच्या दारातून पडद्यावर नजर ठेवत ओरडायचे – “आली, आली… थांब… गेली!” – ही पद्धत तेवढ्यासाठीच टिकून आहे. घाई करणाऱ्याच्या झोतातून उपग्रह निघून जातो आणि बॉक्सला पत्ताही लागत नाही.

पडद्यावरील दोन पट्ट्यांपैकी ‘स्ट्रेंग्थ’ ही बहुतांशी एलएनबी व केबल जिवंत असल्याचे सांगते. पाहायची ती ‘क्वालिटी’. ती चांगली असूनही ओळखीच्या वाहिन्या नसतील तर शेजारचा उपग्रह लागला आहे. ९३.५ अंशाच्या पूर्वेला अवघ्या दीड अंशावर डिश टीव्हीचा उपग्रह असल्याने ही गल्लत सहज होते. योग्य उपग्रह मिळाल्यावर क्वालिटीची पट्टी दोन्ही बाजूंना जिथून घसरू लागते ती टोके पाहून त्यांच्या मधोमध थांबावे, आणि नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच नट आवळत नेला तर तबकडी त्या बाजूला ओढली जाते.

अडथळे : पानांतील ओलावा केयू-पट्ट्यातील लहरी शोषतो. कोरड्या झाडाआडून कसेबसे लागलेले चित्र पावसाच्या पहिल्या सरीतच जाते. तंबूचे कोरडे कापड त्या मानाने फारसे अडत नाही. झाडी आड येते का हे ठरवायला सूर्याची मदत होते. विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका मागून जातो. पुण्यात जीसॅट-१५ साठी ही वेळ मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या आगेमागे येते. तेव्हा ग्रहण काही मिनिटे खंडित होते, पण तबकडीची जागा उन्हात आहे की सावलीत, एवढे पाहिले तरी दृष्टिरेषा मोकळी असल्याची खात्री पटते.

दुहेरी संपर्काची उपकरणे : स्टारलिंकसारख्या सेवांचे उपग्रह सुमारे ५५० किमी. उंचीवरून सतत सरकत असतात. त्यांची सपाट तबकडी झोत विद्युतीय रीतीने फिरवून उपग्रह स्वतःच शोधते, त्यामुळे वर वर्णिलेली रोखणी तिला लागू पडत नाही. तिला रुंद, मोकळे आकाश लागते. अशी उपकरणे प्रक्षेपणही करत असल्याने त्यांचे नियम केवळ ग्रहण करणाऱ्या तबकडीहून वेगळे आहेत.