एस्मेराल्डा २

एस्मेराल्डा २ : अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीवरील ग्रँड कॅन्यनची महाघळई यंत्रशक्तीच्या बळावर प्रथम पार करणारी लाकडी मोटारबोट. कॅलिफोर्नियातील पासो रोबलेस येथील औषधविक्रेते एड हडसन यांची ही बोट जून १९४९ मध्ये लीज फेरी या उताराच्या ठिकाणाहून निघाली आणि हूव्हर धरणामागील मीड सरोवरात सुखरूप पोचली. आज ती ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या ऐतिहासिक बोटींच्या संग्रहात आहे.

ग्रँड कॅन्यनमधील नदीची लांबी सुमारे ४४६ किमी. असून या प्रवाहात लहानमोठे दीडशेहून अधिक द्रुतवाह आहेत. बाजूच्या उपघळयांतून पावसाळी लोंढ्यांबरोबर आलेले दगडगोटे मुख्य पात्रात साचतात, पात्र तेथे अरुंद होते आणि आधी संथ वाहणारे पाणी त्या अडथळ्यावरून एकाएकी खाली कोसळते. जॉन वेस्ली पॉवेल यांच्या तुकडीने १८६९ मध्ये या घळईतून पहिला नोंदलेला प्रवास केला, तेव्हा त्यांच्या जड लाकडी होड्या वल्हवणाऱ्यांची पाठ पुढच्या खडकांकडे असे. पुढे १८९० च्या दशकात युटामधील नथॅनिएल गॅलोवे यांनी बसण्याची दिशाच बदलली. पुढे तोंड करून आणि प्रवाहाविरुद्ध वल्ही मारून ते होडीचा वेग पाण्याच्या वेगापेक्षा कमी ठेवत व मिळालेल्या वेळात खडक चुकवत. पन्नास वर्षे हीच रीत शिरस्ता मानली गेली. नदीसफरींचे आयोजक नॉर्मन नेविल्स यांनी १९३८ मध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये प्लायवुडच्या होड्या आणल्या, तरी त्या वल्हवण्याची पद्धत गॅलोवे यांचीच होती.

मोटारबोटीला ही रीत चालत नाही. सुकाणूच्या पात्यावरून पाणी जोराने वाहत राहिले तरच बोट वळते. म्हणून प्रवाहाबरोबर जाणाऱ्या मोटारबोटीला वळायचे असेल, तर तिचा वेग पाण्यापेक्षा जास्तच ठेवावा लागतो. वल्हेकरी जेथे थबकून विचार करतो, तेथे मोटारचालकाला वाट आधीच ठरवून वेग वाढवावा लागतो. द्रुतवाहाच्या मुखाशी पाणी गुळगुळीत, निमुळत्या जिभेसारखे खाली उतरते. बोट त्या जिभेवर बरोबर मधोमध घालायची, पहिल्या उंच लाटेवर नाळ (बोटीचे पुढचे टोक) आदळताना इंजिन किंचित मंद करायचे आणि लाट ओलांडताच पुन्हा जोर द्यायचा, असा हा क्रम असतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे बोटीला पुढे ढकलणारा पंखा मोकळाच फिरतो, त्याला पकड मिळत नाही. म्हणजे नेमकी जेथे शक्ती हवी, तेथेच ती तोकडी पडते. शिवाय पंखा व सुकाणू तळाखाली असल्याने पाण्याखालचा एखादा खडकही बोट निकामी करू शकतो. लाकडी तळ फुटला, तर फळी ठोकून तो काठावर दुरुस्त करता येतो. पंखा फिरवणारा दांडा वाकला, तर तसे करता येत नाही.

याखेरीज आणखी दोन अडचणी त्या काळच्या कोलोरॅडोशी निगडित होत्या. घळईच्या वरच्या अंगाला गाळ अडवणारे ग्लेन कॅन्यन धरण तेव्हा नव्हते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वितळलेल्या बर्फाचे पाणी प्रचंड गाळ घेऊन येई. इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचेच पाणी खेचणाऱ्या यंत्राला हा गाळ पोषक नव्हता, हे सांगायला नको. दुसरी अडचण इंधनाची. लीज फेरी सोडल्यानंतर मीड सरोवरापर्यंत काठाने रस्ता जवळजवळ नाहीच. लीज फेरीपासून सुमारे १४० किमी. अंतरावरील फँटम रँच या मुक्कामावरही सामान खेचरांच्या पाठीवरून उतरवावे लागते. त्यामुळे पेट्रोलचे पिंप हा प्रत्येक बेताचा मुख्य भाग असे.

हडसन यांच्या १९४९ च्या सफरीत त्यांच्याबरोबर ओटिस ‘डॉक’ मार्स्टन हे होते. बर्कली येथील मार्स्टन यांनी १९४२ मध्ये नेविल्स यांच्या सफरीतून ही नदी प्रथम पाहिली आणि नंतर तिच्या इतिहासाचा ध्यासच घेतला. कोण कधी उतरला, कोणत्या होडीतून, कोठे बुडाला याची त्यांनी जमवलेली टिपणे, पत्रे व छायाचित्रे आज सॅन मरिनो येथील हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. इतिहास जमवणाराच इतिहास घडवणाऱ्या बोटीत बसलेला असणे हा योग विरळा आणि एस्मेराल्डाच्या पदरात तो पडला. त्याच उन्हाळ्यात, ८ जुलै १९४९ रोजी, ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेले जुने वल्हेकरी बर्ट लोपर आपल्या लाकडी होडीसह याच घळईत एका द्रुतवाहात उलटून मरण पावले.

एस्मेराल्डाचा १९५० मधील दुसरा प्रवास तडीस गेला नाही. वाटेत बोट सोडून देण्याची पाळी आली आणि मंडळींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. नेविल्स सप्टेंबर १९४९ मध्ये विमान अपघातात मरण पावल्यावर त्यांचा सफरींचा व्यवसाय फ्रँक राइट व जिम रिग यांनी पुढे चालवला होता. याच मंडळींच्या सफरीला ही बेवारस बोट आढळली आणि रिग यांनी ती चालू करून मीड सरोवरापर्यंत नेली. वल्ह्यांवर भिस्त ठेवणाऱ्या पंथाने मोटारबोट वाचवावी, याची गंमत नदीकाठच्या मंडळींना वाटल्याशिवाय राहिली नसेल. मार्स्टन यांनी १९५० च्या दशकात मोटारबोटींचा पाठपुरावा सोडला नाही. त्यांचे साथीदार विली टेलर १९५६ च्या सफरीत हृदयविकाराने वारले आणि त्यांना घळईतच पुरण्यात आले.

प्रवाहाविरुद्ध संपूर्ण घळई चढून जाणे मात्र पंख्याच्या बोटींच्या आवाक्यात आले नाही. ते १९६० मध्ये न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी विकसित केलेल्या जेट यंत्रणेमुळे साधले. या यंत्रणेत पाणी आत खेचून मागे जोराने फेकले जाते आणि तळाखाली पंखा नसतो. त्या मोहिमेतील बोटी काचतंतूच्या होत्या आणि मार्स्टन त्याही मोहिमेत होते. त्यानंतर उद्यान प्रशासनाने अशा प्रवासाला बंदी घातली.

एस्मेराल्डाची थेट वंशावळ फार लांबली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडील शिल्लक रबरी तराफे स्वस्तात मिळू लागले. खडकावर घासले तरी ते सहसा फुटत नसत आणि त्यांच्या मागे टांगायचे इंजिन बिघडल्यास बदलता येई. जॉर्जी व्हाइट यांच्यासारख्या आयोजकांनी असे मोठे तराफे रूढ केले. मोटार रबराकडे गेली आणि लाकूड वल्ह्यांकडे राहिले. मार्टिन लिटन यांनी १९६० च्या दशकात डोरी या सपाट तळाच्या लाकडी वल्हे-होड्यांना ग्रँड कॅन्यनमध्ये नवे स्थान मिळवून दिले. नदीवरील होड्या-तराफ्यांच्या मोटारींच्या आवाजावरून वाद मात्र पेटला. उद्यानाच्या १९७९ च्या व्यवस्थापन आराखड्यात मोटारी टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद होती, पण १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती अडवली. सध्याच्या, म्हणजे २००६ च्या आराखड्यानुसार १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात मोटारींना मुभा आहे आणि उरलेल्या महिन्यांत नदी वल्हेकऱ्यांसाठी राखलेली आहे.