फुलते, पण फळत नाही: तास्मानियाची लोमॅशिया

'४३ हजार वर्षांचे झाड' म्हणून लोमॅशिया तास्मानिकाचा गवगवा होतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की तेवढे जुने एखादे खोड कुठेतरी उभे आहे. तसे काही नाही. ऑस्ट्रेलियाच्या तास्मानिया बेटावर, नैर्ऋत्येच्या ओल्या रानात सव्वा किलोमीटरच्या पट्ट्यात काहीशे झुडपे आहेत: पाने चकचकीत, कातरलेली, फुले लालसर, घोसाने येणारी. आपल्याकडच्या सिल्व्हर ओकचे हे भाऊबंद, प्रोटिएसी कुळातले. कथिलाच्या खाणीवरच्या डेनी किंग यांना ते १९३४ मध्ये दिसले. वनस्पतिशास्त्रज्ञ विनिफ्रेड कर्टिस यांनी १९६७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

खरी नवलाई वेगळीच. या झुडपाला कधी फळ धरलेले कोणी पाहिलेले नाही. लोमॅशियाच्या इतर जातींत गुणसूत्रे २२, म्हणजे ११ जोड्या. याच्यात ३३, म्हणजे ११ तिकड्या. परागकण तयार होताना, अर्धगुणसूत्री विभाजनात, जोडीतले एक गुणसूत्र इकडे जाते, एक तिकडे. तिकडीची वाटणी कशी करणार? एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. कोणत्या बाजूला दोन, हे प्रत्येक तिकडीत स्वतंत्रपणे ठरते. परागकण कामाचा व्हायला त्यात पूर्ण एक संच किंवा पूर्ण दोन संच हवेत, आणि त्यासाठी अकराही तिकड्यांचा कौल एकच लागायला हवा. ती शक्यता १०२४ मध्ये १. बीजांडालाही हाच नियम, म्हणून दोन्ही एकदम जुळण्याची शक्यता दहा लाखांत जेमतेम एक. जळगावची केळीही अशीच त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, आणि बिनबियांची; शेतकरी तिचे मुनवे लावतो.

लोमॅशियाचे मुनवे रानच लावते. फांदी मोडून पडते, तिला मुळे फुटतात, नवे झुडूप उभे राहते. १९९८ च्या जनुकीय अभ्यासात या झुडपांमध्ये कसलाच फरक सापडला नाही. सगळी मिळून एकच वनस्पती. जवळच हुबेहूब अशाच पानांचे जीवाश्म मिळाले, वय किमान ४३,६०० वर्षे. यातला 'किमान' शब्द मथळ्यांत गळतो. हे वय जीवाश्मात उरलेल्या किरणोत्सारी कार्बन-१४ वरून मोजतात, आणि तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. इतक्या काळानंतर जेमतेम अर्धा टक्का उरतो आणि ही पद्धत तिथे थकते. शिवाय ते जीवाश्म याच वनस्पतीचे, हा पानांच्या साम्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. सबळ आहे, पण निष्कर्षच.

तास्मानियाची राजधानी होबार्ट; तिथल्या शाही वनस्पती उद्यानात तिच्या फांद्यांपासून रोपे वाढवली आहेत, काही दुसऱ्या लोमॅशियांच्या खुंटावर कलम करून. हे काम निकडीचे आहे. मुळे कुजवणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीतून, बुटांच्या चिखलातूनही पसरतो. सगळी झुडपे जनुकीयदृष्ट्या एकच, त्यामुळे एकाला जो रोग झेपणार नाही तो कोणालाच झेपणार नाही.