हाडांचं औषध सुरू असताना दात काढायचा असेल तर

हाडं ठिसूळ झाल्यावर किंवा कॅन्सर हाडात पसरल्यावर दिली जाणारी काही औषधं जबड्यावर परिणाम करतात. ती घेणाऱ्याचा दात काढला तर क्वचित जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि तेवढा भाग मरतो. म्हणून खुर्चीवर बसवण्याआधी आम्ही औषधं विचारतो. बीपी आणि शुगरच्या गोळ्या सगळे सांगतात. हाडांचं औषध मात्र सांगायचं राहून जातं, कारण ते आठवड्यातून, सहा महिन्यांतून किंवा वर्षातून एकदाच घ्यायचं असतं.

कोणती औषधं?

गोळ्यांमध्ये अ‍ॅलेन्ड्रोनेट (आठवड्याला ७० मिलिग्रॅम), रायसेड्रोनेट आणि आयबँड्रोनेट. सलाइनमधून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड: ठिसूळपणासाठी वर्षाला ५ मिलिग्रॅम, कॅन्सरमध्ये ४ मिलिग्रॅम आणि तेही बरंच वरचेवर. कातडीखाली डेनोसुमॅब: ठिसूळपणासाठी दर ६ महिन्यांनी ६० मिलिग्रॅम, कॅन्सरमध्ये दर ४ आठवड्यांनी १२० मिलिग्रॅम.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. आठवड्याला एकदा घ्यायची ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची गोळी आणि रोजचं कॅल्शियम यांचा या त्रासाशी काही संबंध नाही. खूण अशी: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, असं बजावून दिलेली गोळी असेल तर ती बहुधा वरच्या यादीतली. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप आणा. इंजेक्शन सिव्हिल हॉस्पिटलात किंवा बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात घेतलं असेल तर तिथला केसपेपर आणा.

जबडाच का?

हाड सतत झिजतं आणि नव्यानं भरतं. ही औषधं झिजवणाऱ्या पेशींना रोखतात, म्हणून मणका आणि खुबा मोडण्याचा धोका कमी होतो. पण दात काढल्यावर पडलेला खड्डा भरतानाही त्याच पेशी लागतात, कारण खराब हाड आधी साफ व्हावं लागतं. जबड्यात ही उलाढाल इतर हाडांपेक्षा जोरात चालते, हाडावरची हिरडी पातळ असते आणि तोंडात जंतू तर कायमचेच. चारातले सुमारे तीन रुग्ण खालच्या जबड्याचे असतात. खालच्या दाढांच्या मुळाशी, जिभेकडच्या बाजूनं बोट फिरवून पाहा, हाडाची एक धार लागेल. तिच्यावरचं आवरण इतकं पातळ असतं की सैल कवळी घासूनसुद्धा ते फाटतं.

या औषधांचा हा परिणाम २००३ साली उजेडात आला. अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद तेव्हा प्रसिद्ध केली. जबड्याचं हाड मरण्याचा असाच आजार एकोणिसाव्या शतकात काड्यापेटीच्या कारखान्यांतल्या कामगारांना होत असे, पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेमुळे.

धोका किती, आणि औषध थांबवायचं का?

ठिसूळपणासाठी गोळ्या घेणाऱ्या दहा हजार लोकांत साधारण २ ते ५ जणांना हा त्रास होतो. कॅन्सरच्या मोठ्या डोसात हे प्रमाण शंभरात ५ पर्यंत जाऊ शकतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, ७,७६५ स्त्रियांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत वर्षाला एक झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दिल्यावर खुबा मोडण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झालं. जबड्याच्या संशयित रुग्ण त्यात दोनच निघाल्या, आणि त्यातल्या एकीला औषध नसलेलं सलाइनच दिलेलं होतं. तेव्हा दाताच्या भीतीनं औषध सोडू नका.

अ‍ॅलेन्ड्रोनेट हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे चार आठवडे गोळी टाळून तसा काही फरक पडत नाही. डेनोसुमॅबचं उलट आहे: डोस चुकला की हाड झपाट्यानं झिजतं आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. सहा महिन्यांनी डेनोसुमॅब घेणाऱ्यांचा दात शक्यतो शेवटच्या इंजेक्शननंतर ३-४ महिन्यांनी काढतो. पुढचं इंजेक्शन मागच्यापासून ७ महिन्यांपलीकडे जाऊ देऊ नये. तारीख आम्ही तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवतो. ‘सीटीएक्स’ नावाची, हाड किती झिजतंय ते दाखवणारी रक्ततपासणी काही जण करून आणतात. तिच्यावरून कोणाला त्रास होईल हे खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून आम्ही ती करायला सांगत नाही.

आम्ही काय करतो, तुम्ही काय करायचं

आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. कानातलं, नथ, मंगळसूत्र आणि कवळी काढून ठेवावी लागते. दात वाचत असेल तर रूट कॅनाल. वरचा भाग पार किडला असला तरी मुळांचं रूट कॅनाल करून दात हिरडीपर्यंत कापता येतो, हाडाला हात न लावता. काढावाच लागला तर टोकदार कडा घासून टाके घालतो. बरेच दात काढायचे असले तरी एका वेळी एकाच भागातले काढतो.

घरी क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक औषधानं दिवसातून दोनदा, १० मिलिलिटर, एक मिनिट चूळ भरा. टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबा, कारण पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं त्याचा गुण जातो. दातांवर तपकिरी डाग येतात, चहानं जास्तच. ते साफ करून निघतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन आठवडे बंद. भाकरीची कड हिरडीला लागते आणि शेंगदाण्याचा कण खड्ड्यात अडकतो. आमटीत किंवा दुधात कुस्करलेली मऊ भाकरी चालेल. मिश्री, तंबाखू, बिडी पूर्ण बंद. शुगर ताब्यात ठेवा आणि कवळी रात्री काढून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका लागला तर तो बहुधा कोरड्या खड्ड्याचा, म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेल्याचा असतो. आत औषध भरलं की काही दिवसांत उतरतो. मात्र पिवळसर-पांढरं हाड दिसणं, पू, दुर्गंधी, खालचा ओठ बधिर होणं किंवा शेजारचे दात हलणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी या. दुखत नसलं तरी या, सुरुवातीला हा आजार दुखतोच असं नाही. टाके ७ ते १० दिवसांनी काढतो, नंतर तिसऱ्या आणि आठव्या आठवड्यात तपासतो. हाड ८ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं तर हाच आजार असावा असं मानून जबड्याच्या सर्जनकडे पाठवतो.

औषध अजून सुरू व्हायचं असेल तर त्याआधीच तोंड तपासून घ्या. कॅन्सरच्या डोसाआधी खराब दात काढून हिरडी मिटायला २ ते ३ आठवडे मिळाले पाहिजेत, म्हणून डोसाची तारीख कळताच आम्हाला फोन करा.