बॅटरी उतरली, सूर उतरला

ठाण्याच्या नौपाड्यात राहणारी माझी भाची गाणं शिकते. तिची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा सा हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. रियाजासाठी मी तिला एक सूरपेटी करून दिली होती: दोन ट्रान्झिस्टर (विजेचे स्विच), दोन कपॅसिटर (वीज साठवणारे), काही रेझिस्टर (वीज अडवणारे), एक लहान स्पीकर, दोन पेन्सिल सेल आणि सूर लावायला एक नॉब. महिन्याभराने तिचा फोन आला, "मामा, तुझी पेटी पांढरी पाचवर गेलीये." पेटी रोज थोडी थोडी उतरत होती आणि तिच्याबरोबर हीसुद्धा उतरत होती. क्लासमध्ये शेजारी हार्मोनियम वाजली तेव्हा कुठे चोरी पकडली गेली.

सेल मोजले. दोन्ही मिळून ३ व्होल्ट असायचे ते २ वर आले होते. २०८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०८ कंपनांचा सा १९५च्या आसपास, म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडा जास्तच खाली.

असं का व्हावं? या सर्किटमध्ये कपॅसिटर भरत जातो आणि त्याचं व्होल्टेज एका ठरावीक पातळीला पोचलं की ट्रान्झिस्टर चालू होतो. मग दुसऱ्या कपॅसिटरची पाळी. या भरण्याला लागणारा वेळ म्हणजेच सूर. आता गंमत बघा. बॅटरी उतरली की कपॅसिटर सावकाश भरतो, पण त्याला कापायचं अंतरही कमी होतं. दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात घटल्या असत्या तर सूर हललाच नसता. घोडं अडतं ते ट्रान्झिस्टर चालू होण्याच्या पातळीवर. ती साधारण ०.६ व्होल्ट, आणि बॅटरीचं काहीही होवो, ती तेवढीच राहते. ३ व्होल्टांत ०.६ म्हणजे एक पंचमांश. २ व्होल्टांत जवळपास एक तृतीयांश. प्रमाण बिघडलं की सूर बिघडला. हिशेब मांडला तर कंपनसंख्येत साडेसहा टक्के घट निघते. भाचीचा कान बरोबर होता.

जांभळी नाक्याच्या बाजारातला जुना तराजू आठवा. एका पारड्यात भाजी, दुसऱ्यात वजनं. हा तराजू चंद्रावर नेला तरी किलोभर भेंडी किलोभरच भरेल, कारण गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखंच कमी होतं. स्प्रिंगचा काटा मात्र तिथे फसेल. स्प्रिंगला चंद्राशी काही देणंघेणं नाही. माझी पेटी अर्धी तराजू होती, अर्धी स्प्रिंग.

पूर्ण तराजू बनवला हान्स कामेनझिंड या स्विस इंजिनिअरने. सिग्नेटिक्स कंपनीसाठी त्याने आखलेली ५५५ ही वेळ मोजणारी चिप १९७२ मध्ये बाजारात आली. तिच्या आत तीन सारखे रेझिस्टर ओळीने बसवलेत आणि ते बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. कपॅसिटर एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत भरतो आणि परत तितकाच रिकामा होतो. ०.६ सारखा हट्टी आकडा त्यात नाही. बॅटरी उतरली की दोन्ही खुणाही तिच्याबरोबर उतरतात. मूळ ५५५ला ४.५ व्होल्ट तरी लागतात, पण तिचा सीमॉस, म्हणजे कमी वीज खाणारा अवतार २ व्होल्टांवरही चालतो. तोच मी नव्या पेटीत घातला. व्होल्टमागे फरक उरतो तो टक्क्याच्या काही दशांशांचा.

बॅटरी आणि सर्किट यांच्यामध्ये ७८०५ सारखा रेग्युलेटर बसवून व्होल्टेजच बांधून ठेवा, हा नेहमीचा सल्ला. भिंतीतल्या विजेवर तो उत्तम. पण ७८०५ला ५ व्होल्ट द्यायला सुमारे ७ लागतात. दोन पेन्सिल सेलना हे परवडणारं नाही.

रेडिओतल्या ऑसिलेटरची, म्हणजे कंपनं निर्माण करणाऱ्या सर्किटची दुखणी वेगळी. तिथे ट्रान्झिस्टरच्या आतच वीज साठवण्याची नको असलेली क्षमता असते आणि ती व्होल्टेजबरोबर बदलते. उपाय जुनाच आहे: तिच्या शेजारी बाहेरून बराच मोठा कपॅसिटर लावायचा, म्हणजे आतला बदल समुद्रात खसखशीएवढा होतो.

भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ मात्र एका सेलवर वर्षभर चालतं आणि सेल अर्धा उतरला तरी वेळ चुकवत नाही. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. स्फटिक म्हणजे भारी झोपाळा. ढकलणारा जोरात ढकलो की हळू, त्याची लय त्याची तो ठरवतो. माझ्या जुन्या पेटीवर घड्याळ चालवलं असतं तर उतरलेल्या सेलवर ते दिवसाला दीड तास मागे पडलं असतं.

मग पेटीतही स्फटिकच का नको? मी तसं सुचवलं होतं. भाचीने नॉबवरचा हात काढला नाही. त्या दिवशी तिचा घसा बसलेला होता आणि सा तिला काळी चारच्या किंचित खाली हवा होता.