शिंदे, विठ्ठल रामजी

शिंदे, विठ्ठल रामजी (२३ एप्रिल १८७३ – २ जानेवारी १९४४). धर्मसुधारक, प्रार्थना समाजाचे प्रचारक आणि अस्पृश्यता निवारणाला संस्थेचे रूप देणारे कार्यकर्ते. लोक त्यांना ‘महर्षी’ म्हणत. जन्म तेव्हाच्या जमखंडी संस्थानात (आज कर्नाटकातील बागलकोट जिल्हा), एका मराठा कुटुंबात. घरात वारकरी वळण होते. शिंदे यांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा या वळणाशिवाय होत नाही, कारण ईश्वराच्या दारी सगळे सारखे हे त्यांना कोणत्याही ग्रंथाच्या आधी घरातल्या अभंगांनी शिकवले.

मॅट्रिक झाल्यावर ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १८९८ मध्ये बी. ए. झाले. त्याच सुमारास त्यांनी प्रार्थना समाजाची दीक्षा घेतली. मूर्तिपूजा आणि जातिभेद दूर ठेवून एकेश्वराची उपासना करणारा हा समाज १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झाला होता. १९०१ मध्ये युनिटेरियन या एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले. प्रवासखर्चाला सयाजीराव गायकवाडांचा हातभार होता. १९०३ मध्ये परतल्यावर त्यांनी मुंबईत समाजाचे प्रचारक म्हणून काम सुरू केले.

पण उपासना मंदिराच्या चार भिंतींत त्यांचे मन रमेना. उपासनेला बसणारी माणसे शहाणी, शिकलेली, बहुतेक वरच्या जातींतली. ज्यांना देवळाची पायरीही चढू देत नाहीत ती माणसे तिथे कुठे होती? १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बांधवांची रात्री एक सभा भरली. या लोकांसाठीच आयुष्य वेचायचे, हा त्यांचा निश्चय तिथे पक्का झाला. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’ स्थापन झाली. इंग्रजीत तिला डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर होते. कामाची सुरुवात परळच्या शाळेने झाली. मग वसतिगृहे, हस्तव्यवसायाचे शिक्षण, भजन-उपासना अशी भर पडत गेली आणि पुणे, हुबळी, मंगळूर अशा ठिकाणी शाखा निघाल्या.

या कामाचे वेगळेपण असे की शिंदे दुरून दान देणारे नव्हते. ज्यांची सेवा करायची त्यांच्यातच त्यांनी घर थाटले. त्यांची बहीण जनाबाई (जनाक्का) मिशनच्या कामात झोकून देऊन राहिली. सनातन्यांच्या घरी ज्यांची सावलीही चालत नसे त्यांच्या मुलांना ही बाई आपल्या हातांनी सांभाळत होती. मिशनच्या इतिहासात तिच्याविषयी फार थोडे लिहिले जाते, हे खटकते. पुण्यात नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. त्यासाठी इंदूरच्या होळकरांनी देणगी दिली आणि आश्रमाला अहिल्याबाईंचे नाव मिळाले.

१९१७ मध्ये काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे शिंदे यांचा पाठपुरावा होता. मार्च १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. अध्यक्ष सयाजीराव गायकवाड होते. ‘देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही’ अशा आशयाचे भाषण लोकमान्य टिळकांनी इथेच केले. मात्र स्वतःच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, या जाहीर प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. व्यासपीठ आणि घर यांच्यातले हे अंतरच शिंदे यांना मिटवायचे होते.

मुरळी सोडण्याच्या, म्हणजे मुली खंडोबाला वाहण्याच्या चालीविरुद्ध आणि होळीतल्या बीभत्सपणाविरुद्ध त्यांनी चळवळ केली. १९२० मध्ये पुण्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा मुलींना त्यातून वगळू नये म्हणून ते उभे राहिले. त्याच वर्षीच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत मराठ्यांसाठीची राखीव जागा नाकारून ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि हरले. जातीच्या नावाने मत मागणे त्यांच्या धर्माला मानवणारे नव्हते.

१९२३ मध्ये मिशनची सूत्रे त्यांनी अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांकडे सोपवली. तरी त्यांना मोकळा विश्वास फार थोडा मिळाला. अस्पृश्यांनी आपले प्रतिनिधी वेगळे निवडावेत अशा स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता, त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी मतभेद झाले. तर अस्पृश्यांत मिसळल्यामुळे त्यांचे स्वकीय त्यांच्यापासून दुरावले. दोन्हीकडून आलेला हा एकटेपणा त्यांनी सोसला, पण काम सोडले नाही. १९२४ मध्ये ते मंगळूरला ब्राह्मो समाजाचे आचार्य होते. १९३० च्या कायदेभंगात त्यांना येरवड्याचा तुरुंगवास घडला. त्याच काळात शेतकरी परिषदांतून त्यांनी कुणब्यांच्या हलाखीबद्दल बोलणे चालू ठेवले.

अस्पृश्यतेचा उगम आणि इतिहास शोधणारा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३) हा त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ. मराठी आणि कानडी यांच्या नात्याचाही त्यांनी अभ्यास केला. जमखंडीच्या दुभाषी भूमीत वाढलेल्या माणसाला तो स्वाभाविकच होता. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे त्यांचे आत्मचरित्र. पुण्यात त्यांचे निधन झाले.