वादकांविना वाद्यवृंदलेखन : मिडीची पार्श्वभूमी

कुडाळ, सावंतवाडी किंवा रत्नागिरीत राहून पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहायला शिकणाऱ्या संगीतकाराची अडचण जुनीच आहे : लिहिलेले वाजवून दाखवणारे वादक जवळ नसतात. पेटी, पखवाज आणि झांजांच्या साथीने दशावतार व भजने ऐकत वाढलेला कान सुरातालात पक्का असतो. पण चार-पाच स्वररेषा एकाच वेळी चालवताना त्यांतली कोणती चेलोला द्यावी आणि कोणती हॉर्नला, हे ऐकल्याशिवाय उमगत नाही.

याच किनाऱ्यावर, गोव्यात, ते शिक्षण पूर्वी मिळत असे. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. त्या परंपरेतून आलेल्या गोवेकर वादकांपैकी अनेकजण पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीत संयोजक झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. संगीतकाराने चाल द्यायची आणि संयोजकाने ती वाद्यवार कागदावर उतरवायची, अशी रीत होती. लिहिलेले पान लगेच वादकांपुढे जाई आणि न जमणारी जागा तिथेच उघडी पडे. या मंडळींचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

वादक जवळ नसलेल्यांना पुढे संगणकावर ऐकण्याची सोय मिळाली ती मिडीमुळे. १९८१ मध्ये अमेरिकन वाद्यनिर्माते डेव्ह स्मिथ यांनी निरनिराळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारी वाद्ये, एकमेकांशी जोडण्याच्या समान पद्धतीचा प्रस्ताव मांडला. त्यातूनच मिडी ही पद्धत आकाराला आली. रोलँड या जपानी वाद्यकंपनीचे इकुतारो काकेहाशी यांचाही त्या कामात मोठा वाटा होता, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये मिडीच्या केबलने जोडून दाखवण्यात आली. मिडीतून आवाज जात नाही. कोणता स्वर, किती जोराने आणि कधीपासून कधीपर्यंत, अशा सूचनाच जातात, आणि जोर ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला त्यानंतरच्या दोन पायऱ्या अधिक मोलाच्या वाटतात. १९८८ च्या सुमारास मिडी फाइलचे प्रमाणित रूप ठरले आणि १९९१ मध्ये जनरल मिडी या सामाईक मानकाने १२८ वाद्यांना ठरलेले क्रमांक दिले. त्यामुळे एकाने केलेली रचना दुसऱ्याच्या यंत्रावरही साधारण त्याच वाद्यांत वाजू लागली. ध्वनिमुद्रण फक्त ऐकता येते, मिडी फाइल मात्र उघडून व्हायोलाची ओळ वेगळी काढता येते, बदलता येते आणि परत पाठवता येते. ती सहसा काही किलोबाइटचीच असल्याने नेटवर्क कमकुवत असलेल्या गावातूनही सहज जाते. बरोबरीच्या मंडळींनी एकमेकांना शिकवण्याची सोय झाली ती यामुळे. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा वाद्यवृंदलेखनावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात उदाहरणे त्यांच्याच रचनांतील आहेत. ती उदाहरणे मिडीत उतरवून, वाद्ये अदलाबदल करून ऐकणे हा अशा गटांसाठी उत्तम अभ्यास आहे.

दोष मात्र यंत्रातच आहे. ट्रॉम्बोनखाली प्रत्यक्षात बुडून जाणारे बासरीचे खालचे स्वर संगणकावर आवाज वाढवून ऐकू आणता येतात. ओबोवादकाला श्वासाला जागा न ठेवता ओळ लांबतच जाते, आणि तरी ती बिनचूक वाजते. यंत्राचे ध्वनिनमुने कितीही सुधारले तरी ही चूक ते दाखवून देत नाही, ती वाद्य हाताळणाऱ्या माणसालाच दिसते. म्हणून गटात निदान एक व्हायोलिनवादक आणि एक फुंकवाद्य वाजवणारा असावा, आणि त्याने फाइल ऐकण्याआधी आपल्या वाद्याची ओळ कागदावर घेऊन स्वतः वाजवून पाहावी.